आउटबॅकमधला सूर्योदय टिपताना पूर्वेकडे पाठ करावी का?

माळरान (सिडनी) :

गेली काही वर्षे दर जून-जुलैमध्ये, म्हणजे इकडच्या हिवाळ्यात, मी सिडनीहून गाडी काढून ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या मुलखात, ज्याला सरसकट आउटबॅक म्हटले जाते तिथे, केवळ पहाटेची छायाचित्रे काढण्यासाठी जातो. पहिल्या दोन सहलींतून घरी आणलेल्या छायाचित्रांचे वर्णन एका वाक्यात संपते : खाली काळी पट्टी, वर फिकट पिवळे आकाश आणि मध्ये एक पांढरा डाग. कॅमेरा बरा होता, ट्रायपॉड होता, झोपमोडही मनापासून केली होती. चुकत होती ती कॅमेऱ्याची दिशा, आणि ती चूक मला दुसऱ्याच एका चुकीमुळे कळली.

ब्रोकन हिल हे गाव न्यू साउथ वेल्स राज्यात असले तरी त्याचे घड्याळ शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियाप्रमाणे, म्हणजे सिडनीच्या अर्धा तास मागे चालते. मुक्कामाच्या ठिकाणी फलकावर सूर्योदयाची वेळ ७ वाजून ५ मिनिटे अशी लिहिलेली होती. ती मी लक्षात ठेवली आणि गजर मात्र सिडनीची वेळ दाखवणाऱ्या मनगटी घड्याळावर लावून झोपलो. गावापासून साधारण पंचवीस किलोमीटरवर सिल्व्हरटन आहे आणि त्याच्या पुढे पाचेक किलोमीटरवर जमीन अचानक उतरते व समोर मुंडी मुंडीचे मैदान पश्चिमेकडे क्षितिजापर्यंत पसरते. लोक तिथे सूर्यास्त पाहायला जातात, त्यामुळे पहाटे गर्दी नसेल आणि मागच्या टेकड्यांवरून सूर्य वर येताना मिळेल, एवढाच माझा हिशेब होता.

घड्याळात सात वाजून पाच मिनिटे झाली तरी सूर्याचा पत्ता नव्हता. सात वीस झाली तेव्हा मी त्या फलकाला मनातल्या मनात नावे ठेवत, गाडीच्या बॉनेटवर ठेवलेला चहाचा थर्मास घेण्यासाठी मागे वळलो आणि तसाच उभा राहिलो. मैदानाच्या पलीकडच्या कडेवर पाटीच्या रंगाची एक निळसर-करडी पट्टी आडवी बसली होती, तिच्या वर फिकट गुलाबी रंगाचा पट्टा होता आणि त्या दोहोंमधली सीमा इतकी स्पष्ट होती की कोणी पट्टी लावून रेघ ओढली असावी. खालच्या सॉल्टबुशच्या करड्या झुडपांवर कुठेही सावली नव्हती. त्यांच्यावरही तोच गुलाबी उजेड पसरला होता. पुढच्या दहा-बारा मिनिटांत ती करडी पट्टी हळूहळू खाली बसत गेली, जमिनीला टेकली आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागून सूर्याची कड वर येऊन झुडपांचे शेंडे नारिंगी झाले. सहलीतले एकमेव ठेवण्याजोगे छायाचित्र त्या बारा मिनिटांतले आहे.

नंतर वाचन केले तेव्हा कळले की ती करडी पट्टी म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली होय. खग्रास चंद्रग्रहणात चंद्र जिच्यात शिरतो तीच ही सावली, फक्त इथे ती आपल्याच वातावरणावर पडलेली दिसते. वरच्या गुलाबी पट्ट्याला ‘बेल्ट ऑफ व्हीनस’ म्हणतात, पण शुक्र ग्रहाशी त्याचा काही संबंध नाही. क्षितिजाखालच्या सूर्याचा लालसर झालेला प्रकाश पश्चिमेकडच्या हवेवर पडून आपल्याकडे परततो, त्याचा तो रंग असतो. महाराष्ट्रातही हे दृश्य दिसते, परंतु आपल्याकडे हिवाळ्यात क्षितिजालगतची हवा धुळीने आणि धुराने इतकी भरलेली असते की पट्टा मळकट होऊन जातो. उलट त्याच धुरकट हवेमुळे आपल्याकडचा उगवता सूर्य पहिली काही मिनिटे तांब्याच्या परातीसारखा लाल आणि डोळ्यांना सोसणारा असतो. आउटबॅकमधल्या हिवाळी हवेत बाष्पही फारसे नसते आणि धूरही नसतो, ढग तर अनेकदा औषधालाही सापडत नाही. त्यामुळे सूर्य पहिल्या कडेपासूनच झगझगीत उगवतो आणि त्याच्याभोवती रंग धरायला आकाशात काहीच नसते.

तेव्हा माझे मत असे झाले आहे की निरभ्र पहाटे, सपाट मुलखात, छायाचित्र पश्चिमेला असते आणि ते सूर्योदयाच्या आधी असते. इतरांचा अनुभव वेगळा असल्यास वाचायला आवडेल.

घाटवाट (नाशिक) :

धागा आवडला. पश्चिमेकडे पाहण्याची सवय आम्हा डोंगरभटक्यांना थोडीफार असते, कारण कळसूबाईच्या माथ्यावर सूर्योदय झाला की पूर्वेकडे पाहून होताच जुने लोक पाठीमागे पाहायला सांगतात. तिथे कळसूबाईचीच त्रिकोणी सावली पश्चिमेकडे लांबवर पडलेली असते. तेव्हा तुमचे म्हणणे पटते.

मला मात्र दुसरीच अडचण विचारायची आहे. मागच्या वर्षी बहिणीकडे ॲडलेडला गेलो असताना आम्ही फ्लिंडर्स पर्वतरांगांत तीन दिवस काढले. एका वाळलेल्या ओढ्याच्या काठी एकटे रिव्हर रेड गमचे झाड होते, त्याच्या दोन फांद्यांच्या बेचक्यात सूर्य यावा म्हणून मी, सूर्य कुठून वर येणार याचा अंदाज घेऊन, त्या जागेच्या थोडा डावीकडे, म्हणजे सूर्य सरकत सरकत बेचक्यात येईल अशा बेताने ट्रायपॉड लावला. सूर्य उगवला आणि बेचक्याकडे येण्याऐवजी दर मिनिटाला त्याच्यापासून दूर जाऊ लागला. आयुष्यभर सह्याद्रीत सूर्योदय पाहिलेल्या माणसाची अशी फजिती का व्हावी?

ध्रुव (पुणे) :

फजितीचे कारण तुमचा सह्याद्रीचा सरावच आहे. आपल्याकडे उगवता सूर्य सरळ वर न जाता उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे कलत चढतो आणि आपल्याला ते इतके अंगवळणी पडलेले असते की आपण नकळत तसा हिशेब धरतो. दक्षिण गोलार्धात तो डावीकडे, उत्तरेकडे कलत चढतो. हा कल साधारणपणे त्या जागेच्या अक्षांशाएवढा असतो. नाशिकला तो उभ्या रेषेपासून सुमारे २० अंश उजवीकडे असतो, तर फ्लिंडर्समध्ये सुमारे ३१ अंश डावीकडे आणि ऐन हिवाळ्यात त्याहूनही थोडा जास्त. दहा मिनिटांत सूर्य अडीच अंश चालतो. त्यातला बाजूला सरकलेला भाग तिथे जवळजवळ अडीच सूर्यबिंबांएवढा भरतो. तुम्ही तो उजवीकडे भरेल असे धरले, तो डावीकडे भरला, म्हणजे एकूण चूक चार-पाच बिंबांच्या जवळपास. लांब पल्ल्याच्या लेन्सने पाहिल्यास एवढ्यात सूर्य फांदी सोडून दुसऱ्या झाडावर गेलेला असतो.

मूळ मुद्द्यावर एक पुरवणी. पौर्णिमेच्या आसपासची पहाट निवडावी. पूर्ण चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास तो मावळतीला टेकलेला असतो आणि त्या गुलाबी पट्ट्यातून खाली उतरतो. जमीन आणि चंद्र या दोहोंवरचा उजेड त्या वेळी जवळपास सारखा असल्याने एकाच एक्स्पोजरमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात शिरू दिलेल्या उजेडाच्या एकाच मापात, दोन्ही नीट येतात, जे रात्री कधीच जमत नाही.

तळ्याकाठी (मेलबर्न) :

माझा विरोध नोंदवते. पश्चिमेकडे पाहा हा सल्ला मुंडी मुंडीसारख्या सपाट जागेला लागू पडतो, पण त्याचा नियम करू नये. मंगो राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घ्या. मिल्ड्युरा या शहरापासून सुमारे ११० किलोमीटरवर असलेले हे कोरडे तलाव विलांड्रा लेक्स या १९८१ पासून जागतिक वारसा असलेल्या प्रदेशात येतात. तलावात पाणी होते तेव्हा पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांनी वाळू आणि माती पूर्व काठावर आणून टाकली आणि त्यातून ३३ किलोमीटर लांबीची चंद्रकोरीच्या आकाराची जी टेकडी तयार झाली तिच्या पांढुरक्या, पावसाने कोरलेल्या भागाला ‘वॉल्स ऑफ चायना’ म्हणतात. म्हणजे टेकडी पूर्वेला आणि पाहणारा पश्चिमेला. इथे पहाटे पाठ फिरवलीत तर समोर फक्त तलावाचा सपाट तळ उरेल.

इथे सूर्य मातीच्या सुळक्यांच्या मागून येतो. सूर्य वर येण्याआधी वीस-पंचवीस मिनिटे त्यांच्या कडा नारिंगी आकाशावर काळ्या उमटतात, आणि तेवढ्याच वेळात काम उरकावे लागते. सूर्य डोके वर काढल्यावर त्याच्याकडे तोंड करून काहीही साधत नाही, हे मात्र माळरान यांचे खरे. त्यानंतर मी लेन्स बदलून बाजूला, उत्तर-दक्षिण दिशेला वळते, कारण तिरपा उजेड वाळूवरच्या प्रत्येक लाटेला एक उजळ आणि एक काळी बाजू देतो. पाठीवर सूर्य असताना हेच पोत सपाट होऊन जातात.

एक गोष्ट जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. लाकडी पायवाट आणि पाहण्याचा चौथरा यांच्या पलीकडे टेकडीवर आदिवासी मार्गदर्शकांशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. १९६८ मध्ये आणि पुन्हा १९७४ मध्ये भूशास्त्रज्ञ जिम बोलर यांना जे मानवी अवशेष दिसले, ज्यांचे वय सुमारे ४२ हजार वर्षे मानले जाते, ते याच मातीत होते. आपल्या ट्रायपॉडचा पाय कशावर पडेल ते सांगता येत नाही. शिवाय पाऊस झाला की तिकडचे कच्चे रस्ते बंद होतात. आम्ही एकदा पाचशेहून अधिक किलोमीटर जाऊन मिल्ड्युरातूनच परत फिरलो आहोत.

कातळ (ॲडलेड) :

छायाचित्राच्या दिशेवर सगळे बोलत आहेत, पण धागाकर्त्यांनी एक गोष्ट सहजगत्या सांगून टाकली ती मला खटकली. ते तीस किलोमीटर अंधारात गाडी चालवून गेले. तांबडे फुटण्याच्या सुमाराला कांगारू रस्त्याच्या कडेचे गवत खायला येतात आणि दिव्यांच्या झोतात बिचकून नेमके गाडीसमोर उडी घेतात. भाड्याच्या गाड्यांच्या करारातही अनेकदा दुर्गम भागात सूर्यास्त ते सूर्योदय गाडी चालवल्यास विमा लागू होणार नाही असे कलम असते, ते सही करण्यापूर्वी वाचावे. त्यातच ५३ मीटर लांबीपर्यंतचे रोड ट्रेन म्हणजे तीन-चार डबे ओढणारे मालट्रक समोरून येतात. त्यांना थांबायला लागणारे अंतर आपल्या कल्पनेपलीकडचे असते.

माझा शिरस्ता असा आहे की सूर्योदयाची जागा आदल्या दिवशी उजेडी पाहून ठेवायची आणि तिच्यापासून पायी पोहोचता येईल अशाच ठिकाणी, परवानगी असलेल्या तळावर तंबू ठोकायचा. हे जमत नसेल तर ती जागा सोडून द्यायची. पाणी मी माणशी दिवसाला दहा लिटर धरतो आणि दोन दिवसांचे जादा ठेवतो. मोबाइलला रेंज नसते हे गृहीत धरून ४०६ मेगाहर्ट्झचा आपत्कालीन बीकन, म्हणजे मदतीसाठी संकेत पाठवणारे यंत्र, जवळ बाळगतो. त्याची नोंदणी विनामूल्य होते, फक्त ती करायची आठवण पाहिजे. गाडी बंद पडल्यास गाडी सोडून चालत निघायचे नाही, एवढे तर इकडे शाळेतली मुलेही जाणतात.

आता फ्लिंडर्सविषयी. विल्पेना पाउंड हे वाडग्यासारखे पर्वतवलय पहाटे पाहायचे असेल तर स्टोक्स हिलची टेकडी उत्तम आहे. ती पाउंडच्या ईशान्येला येते आणि जूनमध्ये सूर्यही ईशान्येलाच उगवतो, म्हणजे पाउंडच्या कड्यांवर पहिला उजेड समोरून पडतो आणि त्यांच्यावर पृथ्वीची सावली उतरताना दिसते. इथे माळरान यांचे म्हणणे शंभर टक्के लागू आहे. घाटवाट यांचे झाड वाचून हॅरल्ड कॅझनो यांची आठवण झाली. त्यांनी १९३७ मध्ये विल्पेनाजवळच्या एका रिव्हर रेड गमचे छायाचित्र काढले आणि ते ऑस्ट्रेलियातल्या सर्वांत प्रसिद्ध निसर्गछायाचित्रांपैकी एक झाले. बुंध्याला मोठे भगदाड, मुळे उघडी पडलेली, तरी झाड उभे. ते आजही उभे आहे. या लालबुंद मुलखाचे इतके गाजलेले छायाचित्र कृष्णधवल असावे याची मला नेहमी गंमत वाटते.

माळरान (सिडनी) :

कातळ यांनी कान धरला तो योग्यच धरला. त्या पहाटे मी ताशी पन्नासच्या वर गेलो नव्हतो आणि तरीही दोन कांगारू दिव्यांच्या अगदी कडेवरून गेले, हे मी मुद्दाम लिहिले नव्हते. तळ्याकाठी यांचा मंगोचा आक्षेपही मान्य आहे. टेकडी पूर्वेला असेल तर पूर्वेकडेच पाहावे लागेल. माझे वाक्य ‘सपाट मुलखात’ या शब्दांना घट्ट बांधलेले समजावे.

लालमाती (डार्विन) :

उलुरूचा, म्हणजे मध्य ऑस्ट्रेलियातल्या त्या प्रचंड लाल खडकाचा, उल्लेख अजून कसा आला नाही याचे आश्चर्य वाटले. मी तिथे चार वेळा गेले आहे आणि दर वेळी पाहिले आहे की सूर्योदयासाठी केलेल्या तालिंगुरू न्याकुन्चाकू या चौथऱ्यांवर शे-दोनशे माणसे असतात, आणि त्यांतले बरेच जण सूर्य उगवताना त्याच्याकडे कॅमेरा रोखतात. ही जागा २००९ मध्ये खुली झाली ती मुळात अशी निवडलेली आहे की सूर्य तुमच्या पाठीशी आणि उलुरू तुमच्या समोर, त्याच्या मागे दूरवर काटा जुटा या खडकांचे घुमट. नावाचा अर्थच वाळूच्या टेकडीवरून पाहण्याची जागा असा आहे. कुठे पाहायचे हे जागाच सांगत असताना लोक मागे वळतात.

जून-जुलैमध्ये उद्यानाचे फाटक साडेसहाला उघडते आणि सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, त्यामुळे उद्यानाबाहेरच्या युलारा या वस्तीहून निघालेल्या माणसाला सूर्योदयापूर्वीच्या निळ्या उजेडासाठी पुरेसा वेळ मिळतो. डिसेंबरात फाटक पाचला उघडते, पण सूर्योदय सहाच्या आतच होतो, तेव्हा घाई करावी लागते. खडकाचे रंग तीन टप्प्यांत बदलतात. आधी जांभळट-तपकिरी, मग पश्चिमेच्या गुलाबी पट्ट्याबरोबर आतून धुमसल्यासारखा मंद लाल, आणि सूर्याचे पहिले किरण पडताच निखाऱ्यासारखा. हा तिसरा टप्पा सगळ्यांना हवा असतो आणि तो पाच-सात मिनिटांत उरकतो. मला स्वतःला दुसरा टप्पा जास्त आवडतो. खडक मुळात करडा आहे. फेल्डस्पार हे खनिज भरपूर असलेल्या वालुकाश्मातल्या लोहाला वरून गंज चढला आहे, त्यामुळे तो लाल दिसतो, आणि गुहांच्या आत हा मूळ करडा रंग पाहायला मिळतो.

इथेच एक तांत्रिक फसगत होते. लाल खडकावर लाल उजेड पडला की कॅमेऱ्याचा एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातल्या उजेडाचा आलेख, सुरक्षित दिसतो, पण लाल वाहिनी एकटीच कधीच भरून वाहून गेलेली असते. घरी येऊन पाहावे तर खडकाचा सगळा पोत नाहीसा होऊन केशरी प्लास्टिकचा ठोकळा दिसतो. म्हणून तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगवेगळे दाखवण्याची सोय चालू करावी आणि लाल रंग उजव्या भिंतीला टेकण्याआधी एक्स्पोजर कमी करावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, स्वयंचलित ठेवल्यास कॅमेरा त्या लालीलाच दोष समजून ती धुऊन काढतो. मी तो दिवसाच्या उजेडावर, सुमारे ५२०० केल्व्हिनवर, बांधून ठेवते.

आणि हे सर्वांत महत्त्वाचे. उलुरूच्या काही भागांचे छायाचित्र काढू नये अशी तिथल्या आदिवासी अनांगू लोकांची विनंती आहे आणि पायथ्याच्या वाटेवर तशा पाट्या आहेत. त्या खडकावरच्या खाचा आणि आकार त्यांच्यासाठी पवित्र ग्रंथासारखे आहेत आणि ते त्याच जागी, ठरावीक माणसांनीच पाहायचे असतात. ही जमीन २६ ऑक्टोबर १९८५ रोजी त्यांना परत मिळाली आणि खडकावर चढणे २६ ऑक्टोबर २०१९ पासून बंद झाले. ड्रोनला मनाई आहे आणि छायाचित्रे विकायची असतील तर वेगळा परवाना लागतो. पंढरपूरच्या गाभाऱ्यात कॅमेरा काढू नये हे आपल्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. इथेही लागू नये.

दवबिंदू (ब्रिस्बेन) :

दोन शंका आहेत. पश्चिमेकडच्या दृश्यासाठी पोलरायझर, म्हणजे आकाश गडद करणारा फिल्टर, लावावा का? आणि मागच्या वेळी लेन्सच्या पुढच्या काचेवर दव धरून सगळी मेहनत वाया गेली, त्यावर उपाय काय?

तळ्याकाठी (मेलबर्न) :

पोलरायझर काढून ठेवा. तो सूर्यापासून नव्वद अंशांवरच्या आकाशात सर्वांत जास्त काम करतो. सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला त्याचा आकाशावर जवळजवळ परिणाम होत नाही, फक्त उजेड खर्ची पडतो. उत्तर-दक्षिणेला रुंद लेन्स लावून तो वापरलात तर आकाशाच्या मधोमध एक गडद डाग पडतो, तो नंतर घालवणे महाकठीण.

दवाचे म्हणाल तर निरभ्र रात्री उघड्या आकाशाखाली ठेवलेली काच हवेपेक्षाही थंड होते, म्हणून तिच्यावर दव धरते. ट्रायपॉडवर कॅमेरा आधीपासून मांडून ठेवू नये, आणि मांडला तर तोंड खाली करून टोपी घालावी. मी लेन्सभोवती पायमोजा गुंडाळते आणि त्यात हात गरम करायची पुडी खोचते. दिसायला हास्यास्पद आहे, पण काम होते. जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी, कारण पारा शून्याखाली गेला की ती अर्ध्यावरच मान टाकते. तिकडची लाल धूळ मात्र फडक्याने पुसू नका. आधी फुग्याने उडवा. ती पिठासारखी वाटते, पण तिच्यात वाळू असते, हे मी एका चांगल्या फिल्टरची किंमत देऊन शिकले.

घाटवाट (नाशिक) :

सर्वांचे आभार. पुढच्या जूनमध्ये पुन्हा जाण्याचा बेत आहे आणि या वेळी ट्रायपॉड त्या झाडाच्या उजवीकडे असेल. माळरान, मुंडी मुंडीच्या त्या छायाचित्राची नेमकी वेळ आणि एक्स्पोजर सांगाल का?

माळरान (सिडनी) :

एफ/८, आयएसओ १००, शटर अर्धा सेकंद, ३५ मिलिमीटरची लेन्स. पश्चिमेकडे उजेडात फारसा चढउतार नसल्यामुळे एकाच एक्स्पोजरमध्ये सगळे आले, फिल्टर लावला नव्हता. फाइलवर वेळ ७ वाजून २२ मिनिटे अशी उमटली आहे, पण कॅमेऱ्याचे घड्याळही सिडनीचेच होते, तेव्हा ती ६ वाजून ५२ मिनिटे अशी वाचावी, म्हणजे सूर्योदयाच्या तेरा मिनिटे आधी.